राज्यघटना गोव्यात कशी पोचली : प्रजा, 'सिदादांव' आणि नागरिक

२६ जानेवारी १९५० रोजी गोव्यात काय झाले? सरकारी पातळीवर काहीच नाही. त्या दिवशी दिल्लीत राष्ट्रपतींनी शपथ घेतली, बेळगाव-कारवारात झेंडे लागले, आणि पत्रादेवीच्या नाक्याच्या अलीकडे मात्र सालाझारचे राज्य नेहमीसारखे चालू होते. भारताची राज्यघटना आपल्याकडे आली ती जवळजवळ बारा वर्षांनी. तीही घटना समितीच्या दारातून आली नाही. सैन्याच्या मागोमाग आली आणि मग संसदेच्या एका दुरुस्तीतून कायम झाली.

ही गोष्ट आपण नुसती तारखांच्या रूपात पाठ करतो. १९ डिसेंबरला मुक्तिदिन, ३० मे ला घटक राज्य दिन, सुट्टी, भाषणे. पण गोव्याचा इतिहास एका वेगळ्या कारणासाठी बघण्यासारखा आहे. जवळजवळ दीडशे वर्षांत या एवढ्याशा प्रदेशाने एकामागून एक अनेक घटना पाहिल्या. काही चांगल्या होत्या, काही नावापुरत्या. मी पेशाने इंजिनियर. आमच्या धंद्यात नियम असा, की यंत्र काय करते हे समजायचे असेल तर ते बंद असताना काय होते ते बघा. राज्यघटना म्हणजे काय, ती सामान्य माणसाचे नेमके काय करते, हे समजायला गोव्याइतके सोयीचे उदाहरण सापडणे कठीण. कारण इथे माणसे तीच, घरे तीच, देवळे-इगर्जी त्याच, आणि घटना मात्र बदलत गेली.

तीन प्रश्न

घटनेची व्याख्या देत बसण्यापेक्षा मी तीन साधे प्रश्न ठेवतो. कुठलीही घटना हातात आली की हे तीन प्रश्न तिला विचारावेत.

पहिला : इथला कोण? म्हणजे नागरिक कोणाला म्हणायचे, आणि ते कोण ठरवणार.

दुसरा : सरकारने नागरिकाशी काय करायचे नाही? आणि केले तर दाद कुठे मागायची?

तिसरा : सरकार आवडले नाही तर ते बदलायचे कसे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, पण दुसऱ्या-तिसऱ्याचे नाही, तर माणूस कागदावर नागरिक असतो आणि व्यवहारात प्रजा. दुसऱ्याचे मिळाले, पण तिसऱ्याचे नाही, तर तो राजाच्या मर्जीवर सुखी असलेली प्रजा. तिन्ही जुळले तरच लोकशाहीतला नागरिक. आता या फुटपट्टीने गोव्याकडे बघू.

लिस्बनची घटना, गोव्याचे प्रतिनिधी

पोर्तुगालात १८२० साली उदारमतवादी क्रांती झाली आणि १८२२ साली पहिली लिखित घटना आली. तिच्यात राष्ट्राची व्याख्या दोन्ही गोलार्धांतल्या पोर्तुगीजांचे मिळून एक राष्ट्र अशी होती. समुद्रापलीकडचा गोवा त्या राष्ट्राचा भाग धरला गेला. लिस्बनच्या संसदेसाठी, म्हणजे कोर्तिशसाठी, गोव्यातून १८२२ सालीच प्रतिनिधी निवडले गेले. त्यांत बेर्नार्दो पेरीश द सिल्व्हा आणि कोन्स्तांसियु रोक द कोश्त हे दोघे गोंयकार होते. तिसरे लीमा लैतांव हे पोर्तुगालातून आलेले डॉक्टर. ही गोष्ट थोडी थांबून लक्षात घ्यावी. पेशवाई बुडून जेमतेम चार वर्षे झाली होती, ब्रिटिश हिंदुस्थानात कुठे निवडणुकीचा मागमूसही नव्हता, आणि गोव्याचे लोक युरोपातल्या संसदेत प्रतिनिधी पाठवत होते.

मग हा गोवा लोकशाहीचा माहेरघर का झाला नाही? एक तर १८२३ मध्ये राजाने ती घटनाच गुंडाळली. पुढे १८२६ साली राजाने स्वतः बहाल केलेली सनद आली आणि ती मधले खंड सोडता १९१० पर्यंत चालली. 'बहाल केलेली' हा शब्द महत्त्वाचा. जे राजा देतो ते राजा परतही घेऊ शकतो. दुसरे म्हणजे मताला उत्पन्नाची अट होती. आणि तिसरे, या दोन्ही घटनांनी कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म ठरवला होता. नव्या काबिजादींतल्या, म्हणजे पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडे, सांगे, काणकोण भागातल्या हिंदूंना त्यांचे रीतिरिवाज पाळायला मोकळीक होती. १८८० साली गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींचा वेगळा कायदाही झाला. पण मोकळीक आणि समान हक्क या वेगळ्या वस्तू आहेत. मोकळीक वरून खाली येते.

बेर्नार्दो पेरीश द सिल्व्हाचेच पुढे काय झाले ते बघा. लिस्बनने त्यांना गोव्याचे प्रीफेक्ट, म्हणजे मुख्य कारभारी नेमले. १८३५ च्या जानेवारीत त्यांनी कारभार हाती घेतला. पोर्तुगीज अमदानीत या पदावर बसलेला हा एकमेव गोंयकार. तीन आठवडेही झाले नाहीत तोच इथल्या लष्करी गटाने बंड करून त्यांना हुसकावले. कागद सांगत होता की गोंयकार हा बरोबरीचा नागरिक आहे. बराकीतल्या बंदुका सांगत होत्या की नाही. त्या वेळी बंदुकांच्या विरुद्ध दाद मागायला जागा नव्हती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रिकामे होते.

१९१० : खिडकी उघडली

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात राजेशाही संपून प्रजासत्ताक आले. १९११ मध्ये चर्च आणि राज्य वेगळे करणारा कायदा झाला, आणि त्याच वर्षी नवी घटना. आता राज्याला धर्म राहिला नाही. गोव्यातल्या हिंदू समाजासाठी हा मोठा बदल होता. सरकारी नोकऱ्या, शिक्षण, वृत्तपत्रे, सगळीकडे माणसे पुढे आली. मराठी शाळा आणि वाचनालये गावोगाव निघाली. हेगडे देसाई यांचे 'भारत' याच हवेत वाढले. आपल्याकडची जुनी वाचनालये कधी स्थापन झाली ते एकदा तपासा. त्यांतली पुष्कळशी या प्रजासत्ताकाच्या काळातली निघतील.

तरीही मर्यादा होतीच. १९१३ च्या कायद्याने मत राहिले ते लिहिता-वाचता येणाऱ्या पुरुषांपुरते. बायका बाहेर. भाटात राबणारा मुंडकार बाहेर. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुधारले, दुसऱ्याचे थोडे सुधारले, तिसऱ्याचे मूठभरांसाठी.

आणि हे जेमतेम सोळा वर्षे टिकले. २८ मे १९२६ च्या उठावातून लष्कराने सत्ता घेतली, आणि त्यातूनच पुढे सालाझार वर आला.

हक्कांची यादी असलेली हुकूमशाही

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्यापैकी अनेकांची समजूत असते की सालाझारकडे घटना नव्हती, म्हणून हुकूमशाही होती. तसे नाही. १९३३ साली त्याने रीतसर घटना केली, तिच्यावर सार्वमत घेतले आणि त्या सार्वमतात मत न देणाऱ्यांनाही 'होय' म्हणून मोजले. त्या घटनेच्या आठव्या कलमात नागरिकांच्या हक्कांची चांगली लांबलचक यादी आहे. विचारस्वातंत्र्य आहे, सभास्वातंत्र्य आहे, संघटनास्वातंत्र्य आहे. वाचताना वाटावे की यात उणे काय?

उणे पुढच्याच वाक्यात होते. या स्वातंत्र्यांचा वापर खास कायद्यांनी नियंत्रित केला जाईल, अशी तरतूद त्याच कलमात होती. आणि ते खास कायदे म्हणजे छापण्यापूर्वी सेन्सॉर, सभेपूर्वी परवानगी, संघटनेपूर्वी मंजुरी. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले. लग्नाच्या पत्रिकासुद्धा सेन्सॉरकडे दाखवून छापाव्या लागत, असे गोव्यातले जुने लोक सांगतात ते या कलमाचे फळ.

त्याच्याही आधी, १९३० साली, 'आक्तु कोलोनियाल' म्हणजे वसाहत कायदा आला होता. वसाहती बाळगणे आणि तिथल्या लोकांना 'सुधारणे' हे पोर्तुगीज राष्ट्राचे अंगभूत कार्य आहे, असे त्याने जाहीर केले. १८२२ च्या घटनेने गोव्याला राष्ट्राचा भाग म्हटले होते, १९३० च्या कायद्याने मालमत्ता म्हटले. त्याच वर्षी पणजीच्या कौन्सिलात लुईश द मिनेझीश ब्रागांझ यांनी गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मांडणारा ठराव आणला. तो ठराव आजही धड्यात हवा. कारण तो भावनेचा ठराव नव्हता. आम्ही नागरिक असलो तर ही मालमत्तेची भाषा आम्हाला लागू होत नाही, असे सरळ तर्काचे बोट त्यांनी दाखवले होते.

इथे एक बारकावा सांगतो. आफ्रिकेतल्या वसाहतींत पोर्तुगीजांनी 'इंदिजेना', म्हणजे देशी रहिवासी, असा खालचा दर्जा कायद्याने ठेवला होता. गोव्याला तो लागू नव्हता. गोंयकार कागदोपत्री पूर्ण पोर्तुगीज नागरिक, 'सिदादांव'. १९५१ च्या दुरुस्तीनंतर तर गोव्याला वसाहतही म्हणत नसत, 'समुद्रापारचा प्रांत' म्हणत. भारताने गोवा मागायला सुरुवात केल्यावर हा शब्दबदल झाला, हे सांगायला नकोच.

आता हा 'पूर्ण नागरिक' काय करू शकत होता? १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझीश यांनी परवानगीशिवाय सभा घेतली, आणि तेवढ्यावर पकडापकडी झाली. त्या दिवशी नागरी स्वातंत्र्याची मागणी झाली. कशाची? तर ज्याची नोंद आठव्या कलमात आधीच होती त्या सभास्वातंत्र्याची. त्याच वर्षी त्रिश्तांव ब्रागांझ कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला झाला आणि त्यांना पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात ठेवले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे यांनाही समुद्रापार पाठवले. नागरिकाला भाषण केल्याबद्दल लष्करी कोर्ट! यावरून एवढे कळते की हक्कांची यादी म्हणजे घटना नव्हे. त्या यादीच्या मागे सरकारला 'थांब' म्हणू शकणारे कोणीतरी लागते : स्वतंत्र न्यायालय, मोकळी वर्तमानपत्रे, आणि हरू शकणारे सरकार. पोर्तुगालात एकच पक्ष होता, त्यामुळे हरण्याचा प्रश्नच नव्हता.

१९६१ : घटनेत आधीच ठेवलेले दार

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले, १९ च्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालु ई सिल्व्हा यांनी शरणागती दिली. २० तारखेपासून गोवा भारताचा भाग धरला जातो. पण भारताचा भाग झाला म्हणजे घटनेच्या दृष्टीने काय झाले?

घटनाकारांनी पहिल्याच कलमात एक दार ठेवलेले आहे. भारताच्या भूप्रदेशात राज्ये येतात, केंद्रशासित प्रदेश येतात, आणि पुढे 'संपादन केले जातील' असे प्रदेशही येतात. गोवा या तिसऱ्या दारातून आत आला. मग मार्च १९६२ मध्ये बारावी घटनादुरुस्ती झाली. तिने गोवा, दमण, दीव हे केंद्रशासित प्रदेश म्हणून पहिल्या परिशिष्टात घातले, आणि ते २० डिसेंबर १९६१ पासून असे मागच्या तारखेने. मधल्या काळात लष्करी गव्हर्नर म्हणून जनरल कँडेथ कारभार बघत होते.

पहिला प्रश्न : इथला कोण? याचे उत्तर २८ मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने दिले. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातच तशी सोय होती. नवा प्रदेश आला तर तिथले कोण नागरिक हे केंद्र सरकारने आदेशाने ठरवावे. आदेश असा, की २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः, किंवा ज्याचे आईवडील वा आजीआजोबा यांपैकी कोणीही, गोवा-दमण-दीवमध्ये जन्मले, तो त्या दिवसापासून भारतीय नागरिक. धर्म विचारला नाही, भाषा विचारली नाही, मालमत्ता विचारली नाही. आणि ज्याला नको असेल त्याने एक महिन्याच्या आत लेखी सांगावे की मला आधीचेच नागरिकत्व ठेवायचे आहे.

ही शेवटची ओळ लोक विसरतात. जिंकलेल्या प्रदेशातल्या माणसाला 'नको' म्हणायची मुभा होती. थोड्यांनी ती घेतली. त्यांतले एक पाद्री पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व निवडले होते, म्हणून परदेशी नागरिकांच्या नियमाप्रमाणे राहण्याची परवानगी वेळोवेळी घ्यायला हवी होती. ती त्यांनी घेतली नाही आणि खटला झाला. गोवा हा ताब्यातला प्रदेश आहे, म्हणून जिनिव्हा करार मला संरक्षण देतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९६९ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. ताबा संपून गोवा भारतात सामील झालेला आहे, तेव्हा तो करार इथे लागत नाही. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. पण नागरिक नसलेल्या माणसाचाही, तोही भारताचे राज्य न मानणाऱ्याचा, युक्तिवाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऐकून घेतला आणि कारणे देऊन उत्तर दिले. कुन्हांच्या लष्करी कोर्टाशी याची तुलना वाचकांनी स्वतः करावी.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे १५ ऑगस्टचे भाषण होईल. दमणच्या एका व्यापाऱ्याकडे मुक्तीच्या आधी पोर्तुगीज सरकारने दिलेले आयात परवाने होते. नव्या सरकारने ते मानले नाहीत. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि हरला. न्यायालयाचे म्हणणे असे, की राज्य बदलले की जुन्या राज्याने दिलेले हक्क आपोआप पुढे येत नाहीत. नवे राज्य जे मान्य करील तेवढेच कोर्टात चालतील. नागरिक पूर्ण झाला, पण त्याच्या खिशातले कालचे कागद पूर्ण झाले नाहीत. मुक्तीनंतर अनेकांच्या मनात जी धाकधूक होती तिला असे खरे कारण होते.

जुने कायदे मात्र सरसकट टाकले नाहीत. १९६२ च्या प्रशासन कायद्याने ठरवले की बदल किंवा रद्द होईपर्यंत ते चालू राहतील. म्हणूनच १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात लग्न, वारसा, नवरा-बायकोची सामाईक मिळकत यांसाठी चालत राहिली. पोर्तुगालने स्वतःची संहिता साठच्या दशकात बदलून टाकली तरी आपल्याकडे जुनीच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ती आता परकीय कायदा म्हणून चालत नाही, भारताच्या संसदेने स्वीकारलेला कायदा म्हणून चालते. शब्द लिस्बनचे, अधिकार दिल्लीच्या घटनेचा.

मत मिळाले, पाय ठेवायला जमीन?

डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात विधानसभेसाठी पहिल्यांदा सर्व प्रौढांनी मत दिले. बाई असो, निरक्षर असो, मुंडकार असो, ज्याचे वय झाले त्याला मत. विधानसभेच्या तीस जागा होत्या, आणि २० डिसेंबर १९६३ रोजी भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १९१३ चा कायदा डोळ्यांसमोर ठेवला म्हणजे या उडीची लांबी कळते. पन्नास वर्षांपूर्वी जो यादीतच नव्हता, तो आता सरकार ठरवत होता.

पण मुंडकाराचा प्रश्न बघा. भाटकाराच्या जमिनीवर तो पिढ्यान्‌पिढ्या राहायचा. घर त्याने बांधलेले, पण घराखालची जमीन भाटकाराची. भाटाची राखण करायची, हाक आली की जायचे. अशा माणसाला मत आहे. पण भाटकार रागावला तर उद्या घर सोडावे लागेल. मग ते मत त्याचे का भाटकाराचे? इथे घटना एकटी पुरत नाही. ती फक्त जागा करून देते. त्या जागेत कायदे करावे लागतात. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा, आणि १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती, हे सगळे त्या मताचे फळ. मत आधी आले म्हणून असे कायदे करणारी विधानसभा आली, आणि कायदे आले म्हणून मत निर्भय झाले. पोर्तुगीज अमदानीत हे चक्र फिरूच शकत नव्हते, कारण मुंडकाराचे मत लागणारा कोणी सत्तेत नव्हता. आजही मामलेदार कचेरीत मुंडकारांचे दावे पडून असतात. म्हणजे काम पूर्ण झालेले नाही, हेही खरे.

जनमत कौल : हरण्याची रीत

आता आपल्या मंडळाच्या वाचकांना थोडा दुखरा विषय. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा का? मराठी शाळांत शिकलेल्या, मराठी नाटके करणाऱ्या गोव्यातल्या पुष्कळ लोकांचे उत्तर 'होय' होते. बांदोडकरांचा पक्ष त्यावरच उभा होता. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे उत्तर 'नाही'.

घटनेचे तिसरे कलम सांगते की राज्यांच्या सीमा संसद साध्या कायद्याने बदलू शकते. राज्य असेल तर त्याच्या विधानसभेचे मत मागवावे लागते, ते बांधून घेणारे नसते. केंद्रशासित प्रदेशाचे तर मत मागवायचेही बंधन नाही. म्हणजे गोव्याचे काय करायचे हे दिल्लीला थेट ठरवता आले असते. विधानसभेत विलीनीकरणवाद्यांचे बहुमत होते, त्यांच्या ठरावाचा आधारही घेता आला असता. घटनेत सार्वमताची तरतूद कुठेच नाही.

तरी संसदेने १९६६ मध्ये खास कायदा करून गोवा, दमण, दीवच्या मतदारांना विचारायचे ठरवले. मतदान निष्पक्ष व्हावे म्हणून बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. महाराष्ट्रात जायचे त्यांनी फुलावर शिक्का मारायचा, वेगळे राहायचे त्यांनी दोन पानांवर. गोव्यात सुमारे ८२ टक्के मतदान झाले. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. बाद मते ७,२७२.

या आकड्यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, कोण का जिंकले यावर. मला त्याच्या पुढच्या दोन महिन्यांत रस आहे. विलीनीकरणाचा प्रश्न हरलेल्या बांदोडकरांनी निकाल मानला. लगेच विधानसभेच्या निवडणुका झाल्या, आणि ज्या मतदारांनी जानेवारीत त्यांना 'नाही' म्हटले होते, त्यांनीच त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केले. एका प्रश्नावर हरलेला माणूस शत्रू ठरला नाही. ज्याचे फूल पडले तो परका झाला नाही, त्याच्या मुलाची शाळा बंद झाली नाही. आपल्यातल्या अनेक घरांत फुलाला मत पडले होते आणि शेजारच्या घरात पानांना. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांची माणसे एकाच तिंट्यावर भेटली. घटनेने दिलेले नागरिकत्व म्हणतात ते हे. जिंकण्यापेक्षा हरण्याची व्यवस्था नीट असणे.

बेळगाव-निपाणीकडच्या आपल्या मंडळींना मात्र असा कौल मिळाला नाही. तिथे त्याच १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने मानला नाही, आणि २००४ पासून हा वाद घटनेच्या १३१ व्या कलमाखाली, म्हणजे राज्याविरुद्ध राज्य म्हणून, सर्वोच्च न्यायालयात आहे. एकाच घटनेखाली, एकाच भाषेच्या लोकांसाठी दोन वेगळ्या वाटा. लोकांना विचारायचे की नाही, हे घटनेने संसदेच्या शहाणपणावर सोडले आहे. गोव्यात ते शहाणपण दिसले, म्हणून त्याची कदर जास्त करायची.

पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला होता. कोंकणी राजभाषा आणि मराठीलाही सरकारी कामकाजात वापराची जागा. त्या वादावर स्वतंत्र लेख हवा. इथे एवढेच, की तो वाद रस्त्यावरून विधानसभेत गेला आणि कायदा होऊन बाहेर आला.

आजचा प्रश्न : दोन नवव्या कलमांचा

१९६२ चा 'नको असेल तर महिन्यात सांगा' हा प्रश्न मिटला असे कोणाला वाटले असेल, तर तो आज पुन्हा दारात उभा आहे. ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पण पोर्तुगालचा कायदा अजूनही त्यांच्या अमदानीत गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्यामार्फत पुढच्या पिढीला, नागरिकत्वाची वाट देतो. लिस्बनला जन्मनोंद करायची, मग ओळखपत्र, मग पासपोर्ट. त्यावर युरोपात काम मिळते. साष्टी-बारदेशातल्या कितीतरी घरांना कुलपे आहेत ती यामुळे. आता हिंदू घरांतली मुलेही याच वाटेने जातात.

भारताची घटना दोन नागरिकत्वे मानत नाही. घटनेचे नववे कलम हेच तत्त्व सांगते, आणि योगायोगाने १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचेही नववेच कलम हेच सांगते. स्वतःहून परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही, ते आपोआप संपते. लिस्बनमधली नुसती जन्मनोंद म्हणजेच नागरिकत्व घेणे का, यावर कोर्टकचेऱ्या आणि निवडणुकीतले आक्षेपही झाले आहेत. ओसीआय कार्ड मिळते, त्यावर येता येते, राहता येते. पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही.

जाणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पोट हा मोठा घटनाकार आहे. पण जाताना आपण काय ठेवून जातो याचा हिशेब माहीत असावा. पासपोर्ट हे प्रवासाचे साधन आहे, पहिल्या प्रश्नाचे उत्तर. मत हे तिसऱ्या प्रश्नाचे. ग्रामसभेत उभे राहून 'ही डोंगरकापणी कोणाच्या परवानगीने?' असे विचारायचे असेल, तर ते मत इथे लागते. आधीच्या पिढ्यांत पोर्तुगीज 'सिदादांव' असलेल्या आपल्या आजोबांकडे कागद होता, मत नव्हते. आज काही नातवंडे तोच कागद पुन्हा घेतात आणि या वेळी इथले मत स्वतःच्या हाताने सोडतात. निर्णय ज्याचा त्याचा. निदान तो समजून घेतला जावा.

आपल्या वाचनालयांत आणि शाळांत प्रजासत्ताक दिनी घटनेची उद्देशिका वाचली जाते. ती वाचावीच. त्याच्या जोडीला गोव्यात आणखी एक करता येईल. आठव्या कलमाची ती सालाझारची यादी, १९६२ चा एका पानाचा नागरिकत्व आदेश आणि १९६७ च्या कौलाचे आकडे, हे तीन कागद शेजारी शेजारी लावावेत आणि मुलांना हे तीन प्रश्न विचारू द्यावेत. ज्यांच्या घरी जुने 'बिल्येत', मतदार याद्या, मुंडकार नोंदीचे कागद किंवा कौलाच्या वेळची पत्रके असतील, त्यांनी ती मंडळाकडे निदान छायाप्रतीसाठी द्यावीत. पुढचा लेख त्यांवरच लिहिता येईल.